धामणकोंडचा डोंगर

त्या साली फाल्गुनात बयाबाई कवळ तोडायला डोंगरावर गेली, ती स्वतःच्या पायांनी खाली आली नाही.

पोलादपूरपासून आत, सावित्रीला मिळणाऱ्या एका वहाळाच्या काठी धामणकोंड ही तीसेक घरांची वाडी. खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि वर सगळ्या भावकीचा सामाईक डोंगर. खाचरं जगायची ती त्या डोंगराच्या जिवावर. ऐन, किंजळ, हेद यांच्या पानाळ फांद्या, म्हणजे कवळ, तोडून वाळवायची, शेणाबरोबर रोपाच्या जागेवर पसरायची आणि पेटवून द्यायची. हा राब नीट भाजला की तणाचं बी जळून जायचं, जमीन मऊ व्हायची आणि राखेत पेरलेलं भात पोपटी होऊन वर यायचं. झाड मुळासकट कोणी तोडत नसे. फांद्या उतरवायच्या आणि शेंडा राखायचा, म्हणजे पुढच्या वर्षी झाड पुन्हा तेवढंच द्यायचं.

बयाबाई चाळिशी ओलांडलेली बाई. उंच, हाडापेरानं मोठी, बोलायला तुटक. नवरा रावजी मुंबईच्या गोदीत मालाखाली सापडून गेला होता. मूलबाळ नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर दत्ताराम पाळण्यात होता, आणि सासूनं वर्षाच्या आत डोळे मिटले. दत्तारामाला पेज भरवली ती बयाबाईनं, गोवरात मांडीवर घेऊन बसली तीही बयाबाईच, आणि वयात आल्यावर त्याच्यासाठी येसू पाहून आली तीसुद्धा. आता त्या एका छपराखाली दत्ताराम, येसूबाई, त्यांची सहा-सात वर्षांची चंद्री, अंगावर पिणारा मुलगा आणि बयाबाई अशी माणसं होती. दत्ताराम गिरणीतून कमी झाल्यापासून वाडीतच होता आणि शेतात त्याचं मन नव्हतं.

त्या सकाळी डोंगराच्या सोंडेवर पोचायच्या आधीच तिला कुऱ्हाडींचे घाव ऐकू आले. एकदोन नव्हे, पाचपंचवीस. वर येऊन पाहते तर अर्धा उतार बोडका. ऐन बुंध्यापासून आडवे केलेले, त्यांचे ओंडके रचून वर माती लिंपलेली, आणि दोन ढिगांतून निळसर धूर निघतोय. कोळशाच्या भट्ट्या. आसपास कातकऱ्यांची बायामाणसं काळी होऊन राबत होती आणि एका खोडावर पाय ठेवून मुकादम विडी ओढत उभा होता.

"हा काय चाललाय?" बयाबाईनं विचारलं.

"दिसतंय ना?" मुकादमाचं नाव सहदेव. महाडच्या कोळशाच्या ठेकेदाराचा माणूस. "मुंबईला कोळसा लागतो. लोकांच्या चुली पेटायला नकोत?"

"डोंगर आमचा हाय."

"होता. विकलाय तुम्ही. तुमच्या सयाजी पाटलानं नि भाऊबंदांनी महाडला येऊन अंगठे दिलेत. तुमच्याच घरचा दत्ताराम होता त्यांच्यात. जा, घरी विचारा जाऊन."

बयाबाईला ते खरं वाटलं नाही. दोन माणसं एका जुन्या ऐनाकडे कुऱ्हाड घेऊन निघाली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती त्या झाडाची कवळ उतरवत आली होती. ती जाऊन बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"याला हात लावाल तर बघा."

सहदेवानं विडी टाकली. चालत आला आणि काही न बोलता तिचा अंबाडा धरून तिला ओढलं. ती गुडघ्यांवर आली. त्यानं तसंच फरफटत तिला दहा हात नेलं, दगडांवरून, तोडलेल्या खुंटांवरून. लुगडं फाटलं, गुडघ्यांची सालं निघाली. मग त्यानं पाठीत लाथ घातली. आणि त्या लाथेसरशी इतका वेळ विसरलेला कंबरेचा कोयता बयाबाईच्या हाताला लागला. तिनं वळून वार केला. तो सहदेवाच्या कोपराखाली बसला, मांस उघडं पडलं आणि आत पांढरं हाड दिसलं.

सहदेव किंचाळला. कुऱ्हाडवाले दोघं धावले. त्यांनी पातं वापरलं नाही एवढीच मेहेरबानी. दांड्यांनी तिला बडवलं. खांद्यावर, बरगड्यांवर, तोंडावर. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला. पुढचं तिला आठवत नव्हतं.

शुद्ध आली तेव्हा ती घोंगडीच्या झोळीत होती आणि आभाळ हलत होतं. बांबूचं एक टोक भिकू नावाच्या कातकऱ्याच्या खांद्यावर होतं, दुसरं त्याची बायको आवडी हिच्या. दोघं भट्टीवरचे.

"हलू नको बाय," भिकू म्हणाला, "हाड मोडलाय तुजा."

त्यानं तिला घराच्या ओटीवर उतरवलं, बांबूच्या कामट्या लावून खांदा बांधून दिला आणि पाणीही न मागता दोघं परत गेली. काम टाकून खाली गेला म्हणून सहदेवानं त्याच संध्याकाळी आपल्या माणसांकडून ओल्या दोरानं भिकूची पाठ सोलून घेतली. पुढं कितीतरी दिवस तो उघड्या पाठीवर कुड्याची पानं चिकटवून काम करताना दिसे.

दत्ताराम घरी आला, वहिनीचं सुजलेलं तोंड पाहून दारातच थांबला. बयाबाईला वाटलं, आता हा कुऱ्हाड घेऊन डोंगरावर जाईल. पण तो भिंतीला टेकून बसला.

"वयनी, तू कशाला गेलीस तिथं?"

"कवळ तोडायला. दरसाल जाते तशी. तू डोंगर इकलास?"

"मी एकट्यानं नाय. सगळ्यांनी. सयाजीकाका म्हनला, सरकार उद्या डोंगर घेनारच हाय, आधीच मोकळं होऊ."

"माजा वाटा?"

"घरचा पुरुष मी हाय. तुजा वाटा माज्यातच."

"आनि राब? यंदा कशावर भाजशील? डोक्यावरच्या केसांवर?"

"भात भात काय करतेस गो!" दत्ताराम एकदम ओरडला. "हाडं मोडून पिकवायचा आनि श्रावणापर्यंत संपवायचा. मुंबईत दुकानात तांदूळ मिळतो. कौलारू घर होईल आपला. चंद्रीला शाळेत घालीन. मला नाय मरायचा या चिखलात."

बयाबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. येसूबाई चुलीपाशी बसून रडत होती. तिनं रात्रभर बयाबाईच्या अंगाला हळद लावली. पोलादपूरच्या ठाण्यात कोणी गेलं नाही. मुकादमाचा हात आणि वाडीतल्या बाईचं हाड, दोन्हीकडची फिट्टंफाट, असं सयाजी पाटलानं ओट्यावर बसून ठरवून टाकलं.

सयाजी हा बयाबाईचा चुलत सासरा. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा. वाडीत त्याच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. वैशाखाअखेर डोंगर पार बोडका झाला. शेवटी राहिली ती देवराहाटी. वहाळाच्या उगमापाशी देवीचा दगड, आणि भोवती कोणीही कधी न तोडलेली झाडं. कातकरी तिथं कुऱ्हाड लावायला तयार नव्हते. तेव्हा सयाजी स्वतः काठी टेकत वर गेला आणि त्यानं काठीनंच एकेक झाड दाखवलं, तेव्हा कुठं ती तोडली गेली. शेण्या थापायला माळावर गेलेल्या बायाबापड्यांनी हे पाहिलं, त्यांत बयाबाई होती. देवीला कोंबडं देऊन सयाजी खाली आला.

त्या साली वाडीत राब धड कोणाचाच भाजला नाही. लोकांनी पेंढा जाळला, गवत जाळलं, कोणी छपरावरची जुनी शाकारणी काढून जाळली. रोप आलं ते पिवळं, विरळ, आणि त्याच्यापेक्षा उंच तण. बयाबाई एका हातानं तण उपटत राही. हाड जुळलं होतं, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

पावसाळा लागला तशा भट्ट्या विझल्या. सहदेव कोळशाच्या शेवटच्या लॉरीबरोबर महाडला निघून गेला. कातकऱ्यांची चार-पाच घरटी मात्र वहाळाकाठी राहिली, कारण लावणीला माणसं हवी होती. जे रोप होतं ते भिकू, आवडी आणि त्यांच्या माणसांनीच वाडीच्या खाचरांत लावलं. मजुरीला त्यांना नाचणी मिळे. चंद्री त्यांच्या मागं मागं हिंडे; भिकू तिला वहाळातले खेकडे धरून देई. येसूबाई तिला ओरडे, "शिवू नको गो त्यांना," आणि चंद्री हसत पळे.

श्रावणात पावसानं उसंत म्हणून घेतली नाही. पूर्वी असा पाऊस आला की डोंगर तो पिऊन घ्यायचा आणि वहाळ गढूळ, पण शहाणा वाहायचा. आता पाणी पडेल तसं सरळ खाली येऊ लागलं, लाल, दाट, रक्तासारखं. खुंटांची मुळं उघडी पडली. भर दुपारी, लोक जेवून उठत होते तेव्हा, वर काहीतरी मोठ्यानं फाटल्यासारखं वाजलं. बयाबाई दारात आली. डोंगराचा एक अख्खा काळा तुकडा, जागच्या जागी सुटून, आधी हळू आणि मग एकाएकी धावत खाली येत होता. चिखल, दगड, खुंट, अर्धवट जळके ओंडके. घरांना तो चाटून गेला. पडला सगळा खाचरांवर. डोळ्यांदेखत वरची बारा-पंधरा खाचरं नाहीशी झाली. बांध नाही, रोप नाही, फक्त घोंघावणारा लाल चिखल.

"चंद्री!" येसूबाई ओरडली. "चंद्री खाचरात गेलीय, बापाला भाकर घेऊन!"

दत्ताराम खालच्या बांधावरून पळत आला तो एकटाच. चंद्री त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

साऱ्या वाडीनं हातांनी चिखल उपसला. कातकरीही धावून आले. दिवेलागणीच्या आत भिकूच्या हाताला ती लागली, एका ऐनाच्या खुंटाखाली. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं आणि दत्तारामासमोर धरलं. तिच्या तोंडात माती भरली होती. दत्तारामानं पोर घेतली नाही. तो भिकूकडे बघत राहिला, असा की भिकू दोन पावलं मागं सरकला. शेवटी बयाबाईनं तिला घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला माती देऊन माणसं सयाजीच्या ओट्यावर जमली. कोणाचं खाचर गेलं होतं, कोणाचा बैल, कोणाचं दोन्ही. वर्षाचं अन्न एका दुपारी चिखलात गेलं होतं आणि कोणीतरी त्याचं उत्तर द्यायला हवं होतं. तेव्हा वाडीतल्या भागोजीनं, ज्याचा बैल गेला होता, तोंड उघडलं.

"डोंगर इकला नसता तर..."

सयाजीनं त्याला पुरं बोलू दिलं नाही. नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "डोंगर इकल्यानं दरड येत नाय. देवी कोपली. राहाटीतली झाडं कोनी तोडली? कातकऱ्यांनी. ती झाडं मी दिली नव्हती. भिकूनं कुऱ्हाड लावली तिथं. पोर त्याच्याच हाताला कशी लागली बरोबर? त्यालाच कशी ठाऊक ती जागा?"

माजघराच्या दारात बयाबाई उभी होती. "मामंजी," ती म्हणाली, "काठीनं झाडं कोनी दाखवली ते मी बघितलाय."

"बायकांनी पुरुषांत बोलू नये," सयाजी तिच्याकडे न बघता म्हणाला.

पण दत्ताराम आधीच उठला होता. आदल्या दुपारपासून तो जेवला नव्हता, झोपला नव्हता. त्यानं वळचणीचा कोयता ओढला. त्याच्यामागं भागोजी उठला, मग आणखी सात-आठ जण. काठ्या, पहार, कुदळ, जे हाताला लागेल ते.

बयाबाई मागच्या दारानं धावत सुटली. दरडीनं वाट बुजली होती. ती गुडघाभर चिखलातून, पडत, उठत, वहाळाकाठी पोचली. पाऊस धो धो पडत होता.

"भिकू, पळा रे! मारायला येतायत. पोरांना घेऊन पलीकडं जा!"

आवडीनं पोरं उचलली. पण वहाळ दुथडी होता. पलीकडं जायला वाट कुठली? भिकूनं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा वाडीकडे. मग तो झोपडीच्या पुढं येऊन हात जोडून उभा राहिला.

"मी काय केलाय बाय? मी सांगन त्यांना."

ते आले. बयाबाई मधे उभी राहिली, आडवे हात पसरून. एक हात पुरता उघडतही नव्हता.

"दत्ताराम, मागं हो. यानं तुजी पोर चिखलातनं काढली."

"वयनी, बाजूला हो."

"डोंगर तू इकलास. तू! मारायचा तर सोताला मार, नायतर तिकडं महाडला जाऊन त्या ठेकेदाराला मार. ह्यो काय करनार तुजं?"

दत्तारामाचा चेहरा वेडावाकडा झाला. क्षणभर तिला वाटलं, तो रडेल. त्याऐवजी त्यानं तिच्या दुखऱ्या खांद्यावर धक्का मारला. ती वहाळाच्या दगडांवर कोसळली आणि तिथूनच तिनं बाकीचं पाहिलं.

पहिली काठी भागोजीची, भिकूच्या गुडघ्यांवर. भिकू खाली बसला, हात अजून जोडलेलेच. "पाटील, पाटील," तो म्हणत होता, कारण मागं, खाचराच्या मोडक्या बांधावर, इरलं पांघरून सयाजी येऊन उभा राहिला होता. सयाजी म्हणाला, "सोडू नका." तेवढे दोनच शब्द. दत्तारामानं कोयता घातला. पहिला मानेवर, दुसरा भिकूनं वर केलेल्या हातांवर. तिसऱ्यानंतर भिकू हलला नाही, पण दत्ताराम थांबला नाही. त्याला भागोजीनंच मागून मिठी मारून आवरलं. तोवर बाकीच्यांनी झोपड्या पाडल्या होत्या, मडकी फोडली होती, मजुरीची नाचणी चिखलात तुडवली होती. आवडी नवऱ्याच्या अंगावर पडली तेव्हा एकानं पहारेनं तिचा पाय मोडला. पोरांना बयाबाईनं पोटाखाली घेतलं होतं. तिच्या पाठीवरही दोन काठ्या बसल्या.

मग माणसं एकमेकांकडे न बघता परत गेली. जाता जाता त्यांनी भिकूचं प्रेत वहाळात लोटलं. पाण्यानं ते पुढं सावित्रीकडे नेलं आणि ते खालच्या गावाच्या डोहात सापडलं. दरड कोसळल्याची खबर तर आधीच गेलेली होती. पोलादपूरहून फौजदार आला तेव्हा सयाजीच्या ओट्यावर चहा झाला आणि सारी वाडी एकमुखानं म्हणाली: दरडीत दोघं गेली, दत्तारामची चंद्री नि एक कातकरी.

आवडीला बयाबाईनं आपल्या गोठ्यात ठेवलं होतं, पोरांसकट. फौजदार यायच्या आधीच वाडीतल्या चौघांनी येऊन गोठ्याचं दार मोडलं, पण बयाबाई दारात डाव्या हातानं वरवंटा उगारून उभी होती, म्हणून ते शिव्या देऊन परतले.

फौजदार निघण्याआधी येसूबाई तिच्याकडे आली. केस मोकळे, डोळे कोरडे. बसली आणि बयाबाईचे पाय धरले.

"जाऊबाय, माजी पोर गेली. आता नवरा नेऊ नको."

"येसू..."

"तू त्याला पेज पाजलीस. तूच वाढवलास. रागाच्या भरात झाला त्याच्या हातनं. तो कातकरी परत येनार नाय. माज्या बाळाकडं बघ."

बयाबाईनं तिला उठवून जवळ घेतलं. गोठ्यातून आवडीचं कण्हणं ऐकू येत होतं. बयाबाईला दत्तारामाचं लहानपण आठवत होतं आणि मानेवर बसलेला तो पहिला घावही दिसत होता, आणि दोन्हींतलं एकही दुसऱ्याला पुसत नव्हतं.

"येसू," ती शेवटी म्हणाली, "त्यानं हात जोडले होते गो. मी बघितलाय."

येसूबाई झटक्यानं मागं झाली. ती बयाबाईच्या तोंडावर थुंकली आणि बाहेर गेली.

बयाबाई पदरानं तोंड पुसून सयाजीच्या ओट्यापाशी गेली आणि चहाची बशी हातात धरलेल्या फौजदारासमोर उभी राहिली. जे पाहिलं ते तिनं पहिल्यापासून सांगितलं: काठी कोणाची, पहार कोणाची, कोयता कोणाचा, आणि "सोडू नका" कोण म्हणालं. सांगून झाल्यावर दत्ताराम गर्दीतून पुढं आला.

"वयनी," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं दोन्ही हात फौजदारापुढं केले. त्याच्यात आता काहीच उरलं नव्हतं, रागसुद्धा नाही.

खटला अलिबागला चालला. बयाबाई आवडीला आधार देत एस.टी.नं गेली, तेव्हा वाडीतल्या कोणी तिला वाटेत पाणी दिलं नाही. आरोपींच्या वकिलानं तिला खूप फिरवलं. मुकादमावर कोयता चालवणारी बाई तूच ना, असंही विचारलं. ती म्हणाली, "होय, मीच. म्हनूनच कोयता बसला की काय होतं ते मला ठाऊक हाय." दत्तारामाला जन्मठेप झाली, भागोजी आणि तिघांना काही वर्षांची सजा. सयाजी सुटला. त्यानं हात लावला नव्हता, आणि ते दोन शब्द ऐकल्याचं बयाबाई आणि आवडी सोडून कोणीच सांगितलं नाही. ठेकेदाराचं नाव खटल्यात कुठंच आलं नाही. त्यानं पुढच्या हंगामात आंबेनळीच्या बाजूचा दुसरा डोंगर घेतला.

धामणकोंडनं बयाबाईला वाळीत टाकलं. विहिरीवर तिचा घडा शेवटी, लग्नाकार्यात तिला बोलावणं नाही, आणि शेतात हाताला हात नाही. भातशेती एकट्यानं होत नाही. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं, असं माणूसबळ फिरावं लागतं. पण ते फिरवायला खाचरं तरी होती कोणाकडं? त्या हिवाळ्यात अर्धी वाडी पोलादपूरच्या सरकारी दुकानातल्या लाल गव्हावर जगली. तांदूळ खाणाऱ्या पोटांना तो सोसेना, हगवणीनं दोन म्हातारी माणसं गेली. चार घरं कुलूप लावून मुंबईला निघून गेली.

बयाबाईनं दरड उपसायला घेतली. आवडीचा पाय वाकडा जुळला होता, तरी ती बसून घमेली भरी आणि बयाबाई डाव्या हातानं ती वाहून टाकी. भात त्या मातीत येणार नव्हतं, निदान काही वर्षं तरी. दोघींनी मोठे दगड काठाला रचले आणि उतारावर नाचणी टाकायची ठरवली.

एक दिवस येसूबाई शेतात आली. मूल पाठीशी बांधलेलं. ती सरळ चालत आली, वाटेतला धोंडा उचलला आणि बयाबाईला फेकून मारला. तो कपाळाला लागला, रक्ताची धार नाकावरून खाली आली. बयाबाईनं हात वर केला नाही. येसूबाईनं दुसरा उचलला, पण तेवढ्यात आवडी सरपटत आली आणि तिनं तिचे पाय घट्ट धरले. दोघी चिखलात पडल्या. येसूबाई तिला मारत सुटली, पाठीवर, डोक्यावर, दोन्ही हातांनी, आणि आवडी मार खात राहिली पण पाय सोडले नाहीत. पाठीवरचं मूल रडायला लागलं तेव्हा कुठं येसूबाई थांबली. मग ती तिथंच, दरडीच्या मातीत, ऊर फुटेस्तोवर रडली. चंद्री गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. दगड उचलला, या वेळी काठाला नेऊन ठेवला. बोलली नाही. बयाबाईकडं पाहिलंही नाही. दिवसभर शेताच्या दुसऱ्या टोकाला काम केलं आणि गेली. मग रोज येऊ लागली.

पुढच्या साली नाचणी बरी आली. नव्या मातीत कणसं भरली होती. कार्तिकात तिघींनी ती खुडली आणि बयाबाईनं खळ्यावर तीन वाटे केले: एक आपला, एक येसूचा, एक आवडीचा. सयाजीचे लोक वाटेनं जाताना थांबून बघत होते. कातकरणीला बरोबरीचा वाटा दिलेला वाडीनं कधी पाहिला नव्हता. एकजण काहीतरी लागट बोललाही.

येसूबाईनं आपला वाटा टोपलीत भरला. आभाळ भरून आलं होतं, अवकाळी वारा सुटला होता. आवडी आपल्या राशीपाशी नुसतीच बसली होती. इतकं धान्य घेऊन जायचं कशात, हेच तिला सुचत नव्हतं. येसूबाई काही वेळ उभी राहिली. मग खांद्यावरची घोंगडी काढून तिनं आवडीपुढं पसरली.

"भर यात," ती म्हणाली. "पाऊस येल."

वर्षभरात त्या शेतात तिनं उच्चारलेले ते पहिले शब्द. ते बयाबाईला नव्हते, आणि बयाबाईनंही तशी अपेक्षा धरली नव्हती. तिनं वाकून घोंगडीचं एक टोक धरलं, आणि आवडी दोन्ही ओंजळींनी नाचणी भरू लागली.